न मागितलेली होडी

संध्याकाळी नीरेसाठी माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, छेदायची वेळ झाली की नोनौती बेटावरचे झाडून सगळे पुरुष माडावर असतात आणि खाली बायका, डुकरं आणि म्हातारे तेवढे उरतात. बकातूही त्या दिवशी माडाच्या शेंड्यात, दोन झावळ्यांच्या बेचक्यात गुडघा रोवून बसला होता. सात महिने पावसाचा थेंब नव्हता. पोयीला बांधलेल्या बाटलीत सकाळपासून चार बोटं नीरा साचली होती. एरवी बाटली भरून वाहायची. त्यानं सुरी मांडीवर पुसली, पोयीचं तोंड पातळ तासलं आणि थेंब सुटायची वाट बघत राहिला. थेंब सुटेना. खाली त्याची बायको विहिरीतून बादली ओढत होती. त्या विहिरीचं पाणी आता इतकं मचूळ झालं होतं की चहात कुणीतरी मीठ टाकलंय असं वाटे.

"आज गात न्हाईस रे?" शेजारच्या माडावरून कौतू ओरडला. झाडावर चढलेल्या माणसानं गात राहावं अशी तिथली रीत. गाणं थांबलं की खालच्यांना वाटतं, पडला की काय.

"घसा कोरडा पडलाय."

"मग बाटली लाव तोंडाला."

"बाटली माझ्याहून कोरडी हाय."

कौतू खदखदून हसला. झाडावरचा निम्मा वेळ तो बोलण्यात घालवी. गावच्या बातम्या त्याच्याच माडावरून खाली पडत. "ऐकलंस का? तुझ्या आतेभावाची, मोतेची होडी गेली. शनवारी भाइरच्या खडकावर लाटेनं उचलून आपटली. उलांडी एकीकडं, फळ्या एकीकडं. हा तेवढा पोहत आला."

"लागलं का त्याला?"

"गुडघा सोलला. पर म्होरचं ऐक की. इचारत फिरतोय म्हनं, कुनाची होडी धड हाय."

बकातूच्या हातातली सुरी पोयीत बोटभर आत शिरली. पोय चिरली ती चिरलीच. आता त्या झाडाला नवी पोय येईपर्यंत घरात नीरेची एक बाटली कमी. त्यानं दातओठ खात स्वतःलाच एक शिवी हासडली आणि खाली उतरला. उतरताना पाय दोनदा खाचेतून निसटले.

त्या बेटावर मागणं ही साधी गोष्ट नव्हती. नात्यातल्या माणसानं समोर येऊन 'तुझी अमुक वस्तू मी मागतो' असं म्हटलं की ती बुबुती झाली, आणि बुबुतीला नाही म्हणता येत नसे. तोंड आहे म्हटल्यावर म्हणता येईलही, पण मग ते तोंड घेऊन सभाघरात चारचौघांत बसायचं कसं? सायकल मागा, कोयता मागा, अंगातला सदरा मागा, एखाद्याचं धाकटं पोर वाढवायला मागा. देणारा उठून देई आणि वर हसून देई. बकातूनंही पुष्कळ दिलं होतं. रेडिओ दिला होता, पेट्रोमॅक्स दिली होती, एकदा तर पायातल्या चपला देऊन चर्चमधून अनवाणी घरी आला होता. कुरकुर केली ती फक्त बायकोपुढे.

पण होडी! दोन वर्षं लागली होती ती बांधायला. एक खिळा नव्हता तिच्यात. फळीला फळी भिडवून, भोकं पाडून, सुंभानं शिवलेली होडी. तो सुंभ तिरिबोनं, त्याच्या बायकोनं, मांडीवर वळला होता. वळून वळून तिच्या उजव्या मांडीवरची कातडी घट्टे पडून काळी झाली होती, अजून तशीच होती. आणि अशा दुष्काळात दुसरं होतं काय घरात? निरफणस मुठीएवढे असतानाच गळून पडत होते. खड्ड्यातलं अळू पिवळं पडून माना टाकत होतं. दोन पोरी, ती दोघं, आणि समोर ती आतली खाडी. होडी गेली तर ओहोटीला खडकावर गळ टाकून उभं राहायचं, गावातले सगळे बिनहोडीचे उभे राहतात तसं, आणि बोटाएवढे मासे घरी न्यायचे.

"मागितली तर द्याची," तिरिबो म्हणाली. ती मचाणावर केवड्याच्या पानांची चटई विणत होती. मान वर न करता बोलली.

"आनि मग खायाचं काय? ही चटई?"

"मोते काय एकटा खानार हाय व्हय? धाडील की दोन मासं."

"धाडील! त्याचं घर दोन तासांवर. मासा इथवर येईस्तोवर त्याचा वास म्होरं यायचा."

"गेल्या साली तू न्हाई का त्याची जाळी मागून आनलीस? काय बोलला तो?"

"फाटकी होती ती."

"आनताना न्हवती."

बकातू उठला. किनाऱ्यावर जाऊन होडीभोवती एक फेरी मारली, परत आला, बसला, पुन्हा उठला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि पुढेही लागेना.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं एक युक्ती काढली. घरात सापडायचंच नाही. मागायला माणूस समोर लागतो. समोर नसलाच तर मागणार कोणाला? उजाडायच्या आत तो होडी पाण्यात लोटी आणि ऊन कलल्यावर परत येई. खाडीत दिवसभर तापलेल्या पाण्याची झळ तोंडावर येई. ओठ फुटले, पाठीची सालं निघाली, गळाच्या दोरीनं बोटांवर पडलेल्या चिरांत खारं पाणी शिरून त्या झोंबत राहिल्या. काळे लांब पंखांचे समुद्रपक्षी वर घिरट्या घालत आणि मासा कुठे आहे ते त्याच्या आधी हेरत. मासे मिळत, पण त्याचं ध्यान माशांवर नसे. दर थोड्या वेळानं तो मान वळवून किनाऱ्याकडे बघे.

चौथ्या दिवशी दिसलंच. त्याच्या घराच्या मचाणावर एक माणूस पाय सोडून बसला होता. पांढरं फडकं गुडघ्याला बांधलेलं. मोतेच तो. बकातूला काय सुचलं कोण जाणे, तो होडीत चक्क आडवा झाला. बुडाशी साचलेल्या पाण्यात, मेलेल्या माशांच्या शेजारी, पाय पोटाशी घेऊन पडून राहिला. होडी आपली वाऱ्यानं कधी उजवीकडे तर कधी डावीकडे तोंड फिरवत वाहत होती. वरून ऊन, खालून माशांचं रक्त. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, दोन पोरींचा बाप, असा लपून पडलेला. त्याची त्यालाच लाज वाटली, पण उठवेना.

भरती उतरल्यावर मोते निघून गेला. बकातू घरी आला तेव्हा तिरिबो चुलीवर मासा भाजत होती.

"काय म्हनाला?"

"काय न्हाई. तू कवा येनार तेवढं इचारलं. दोन शहाळी हुती ती दिली. एक प्याला, दुसरं आईसाठनं घिऊन गेला."

"होडीकडं बघत हुता?"

"होडीत कोन झोपलंय ते बघत हुता."

तिरिबोनं मासा उलटला. त्या रात्री पोरी भिंतीकडे तोंड करून हसत होत्या, ते त्याला ऐकू येत होतं.

मग त्यानं होडीचा बाजूनं तोल सांभाळणारी उलांडी सोडली. सगळे सुंभ उकलून ती दुरुस्तीला काढल्यासारखी छपराच्या आढ्याला टांगून ठेवली. मोडकी होडी कोण मागेल? पण मोडकी होडी चालवतही नाही कोणी, तेव्हा दोन दिवस घरात मासा नाही. तिरिबो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "बाकीच्यांच्या होड्या समिंदरात बुडत्यात, आमची आढ्याला तरंगती." शेजारणी तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसत. बकातू सुंभ हातात घेऊन नुसता बसे, सोडलेला परत गुंडाळी, गुंडाळलेला परत सोडी.

अशा घालमेलीत त्याला तो विचार सुचला. आपणच आधी मागायचं.

यात एक मेख होती. ज्यानं दिलं त्यानं लगेच उलटून मागायचं नाही, असा तिथला संकेत. उलटून मागितलं तर देणं कसलं ते, तो बाजार झाला. देणारा मग दोन पाऊस, तीन पाऊस गप्प राहतो. म्हणजे आज मोतेकडून काही आणलं की मोतेचं तोंड शिवलं गेलं. आणि आणायचं ते बारीकसारीक नको. सुई मागितली तर तोंड सुईएवढंच शिवलं जायचं. चांगली वजनदार वस्तू हवी. कुऱ्हाड मागू, असं त्यानं ठरवलं. मोतेची कुऱ्हाड चांगल्या पोलादाची होती.

सकाळीच कौतूची सायकल मागून घेऊन तो उत्तरेच्या गावाला निघाला. वाळूच्या वाटेवर चाक रुतत होतं, दोन्ही बाजूंना माडांच्या झावळ्या वाळून खाली लोंबत होत्या, आणि जमिनीवरचे खेकडे एरवी वाटेत आडवे येत तेही कुठे दिसत नव्हते. पोचला तेव्हा मोते अंगणात फुटक्या फळ्या ओळीनं मांडून कुठली वाचतेय ते बघत होता. बकातूला बघून त्याचं तोंड खुललं.

"आलास व्हय! मी येऊन गेलो तुझ्याकडं."

"कळलं मला. लांब हुतो जरा."

"बकातू आलाय का?" मचाणावरून आवाज आला. किनाई आत्या. ती आडवीच होती. दोन महिन्यांपूर्वी ती पडली होती, तेव्हापासून कंबर धरली होती. बकातू तिच्याजवळ गेला. तिनं त्याची मान दोन्ही हातांनी खाली ओढली, जुन्या माणसांच्या रीतीनं गालाला नाक लावून वास घेतला आणि म्हणाली, "उन्हाचा वास येतोय तुला. किती करपलास रं! तिरिबो खायाला घालती का न्हाई?"

"घालती की."

"पोरी बऱ्या हायेत?"

"बऱ्या हायेत."

मोतेनं त्याला प्यायला पाणी आणून दिलं. बकातूनं एक घोट घेतला आणि पेला हातातच राहिला. गोडं पाणी. सात महिन्यांपूर्वीच्या पावसाचं, थंडगार, जिभेवर कसलीच चव न ठेवणारं. अंगणाच्या कडेला पत्र्याच्या पाखीखाली एक निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं, वर लाकडी झाकण, झाकणावर दगड.

"अर्धं उरलंय," मोते म्हणाला. "आमी विहिरीचंच पितो. हे आईला तेवढं. विहिरीचं पचत न्हाई तिला."

बकातूच्या मनात कुऱ्हाड होती. अगदी ओठांवर होती. पण त्याची नजर त्या फुटक्या फळ्यांवर गेली आणि कुऱ्हाड एकदम हलकी वाटायला लागली. कुऱ्हाडीच्या बदल्यात माणूस किती दिवस गप्प राहील? एक पाऊस? आणि पाऊस तर कधीही पडेल.

"मोते," तो म्हणाला, "तुझं ते पिंप मी मागतो."

मोतेनं पिंपाच्या झाकणावरचा दगड उचलला. मग त्यानं विचारलं, "वतून मोकळं करून दिऊ?"

इथे बकातूला मागे फिरता आलं असतं. मोकळं पिंप नेलं असतं तरी निभलं असतं. पण मोकळं पिंप म्हणजे प्लॅस्टिक, त्याचं ओझं ते काय.

"न्हाई," तो म्हणाला. "हाय तसं."

मोतेनं आईकडे बघितलं.

"दे की," आत्या म्हणाली. "त्याच्या घरात पोरी हायेत."

मग मोते हसला. देताना हसायचंच असतं, तसं. खोबऱ्याच्या गोदामातून त्यानं हातगाडी आणली, दोघांनी पिंप कलतं करून वर चढवलं, सुंभानं आवळलं, सायकल वर आडवी टाकली. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत सोललेल्या गुडघ्यानं लंगडत मोते गाडी ढकलू लागला. तिथे थांबून त्यानं कपाळाचा घाम निपटला.

"बकातू, मी परवा तुझ्याकडं आलो हुतो ते..."

"चल, येतो मी," बकातू घाईनं म्हणाला. "ऊन चढायच्या आत पोचलं पायजे."

मोतेनं तोंड मिटलं. बकातूनं गाडीला जोर लावला. पिंपातलं पाणी प्रत्येक खड्ड्याला डुचमळत होतं. पण होडी राहिली, असं तो वाटभर स्वतःला सांगत राहिला.

पोरींनी पिंप बघून उड्या मारल्या. तिरिबोनं झाकण उचललं, बोट बुडवून जिभेला लावलं.

"कुनाचं हे?"

"मोतेचं. मागून आनलं."

तिचं बोट तोंडातच राहिलं. ती म्हणाली, "आनि आत्या काय पिनार?"

"विहीर हाय की त्यांच्याकडं."

"परत न्हेऊन ठेव."

"मागून आनलेलं कुनी परत न्हेतं व्हय? त्याच्या तोंडावर थुकल्यासारखं हुईल ते."

हे खरंच होतं आणि तिलाही ते माहीत होतं. तिनं पोरींना एकेक पेला दिला, झाकण लावलं, आणि स्वतः विहिरीवर गेली. त्या दिवसानंतर तिनं त्या पिंपातलं पाणी तोंडाला लावलं नाही. बकातूनं दोनदा भरून दिलेला पेला तिनं कोंबड्यांपुढे ठेवला.

पण पहिले दोन दिवस बकातू खुशीत होता, हे सांगितलं पाहिजे. उलांडी खाली काढून बांधली, शीड चढवलं, ऐन दिवसाउजेडी सगळ्यांच्या समोरून खाडीत गेला. माडावर चढून मोठमोठ्यानं गायला. मासेही भरपूर मिळाले. किनाऱ्यावर होडी ओढताना तो सवयीनं इकडेतिकडे बघत राहिला. एरवी होडी लागली की चार घरची माणसं येत. कुणी म्हणे, 'दोन मासं मागतो', कुणी म्हणे, 'डोकं तेवढं दे, म्हातारीला रसाला पायजे'. त्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मासे उरले. तिरिबोनं ते चिरून खारवले.

आजारी आत्याचं पाणी त्यानं मागून आणल्याची बातमी पोचली होती. कोणी काही बोललं नाही, बोलायची रीतच नाही तिथे; परक्याकडे मागत नाहीत तसं त्याच्याकडे मागणं तेवढं थांबलं. कौतू शेजारच्या माडावर असे, पण आता तो नुसता गाई. एका संध्याकाळी कौतूचा मोठा गळ तुटला. बकातूकडे तसले चार आहेत हे त्याला ठाऊक होतं, ते अंगणात दोरीला लटकत होते. कौतू त्यांच्यासमोरून चालत गेला, पार चर्चच्या पलीकडच्या घरातून गळ मागून घेऊन आला आणि परतताना बकातूला म्हणाला, "बरं हाय ना?"

"बरं हाय," बकातू म्हणाला.

रविवारी सभाघरात गावचे वडीलधारे बसले. सभाघराचं छप्पर झिजलं होतं, पाऊस येण्याआधी शाकारायला हवं होतं. ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागी माणसं मांडी घालून बसली होती आणि सगळ्यांत थोरले तिआरे आजोबा एकेकाकडे बघून मागत होते. "तू पन्नास पेंढ्या केवड्याच्या पानांच्या." "घ्या." "तू सुंभाचं वेटोळं." "घ्या." बकातूनं मनात हिशेब करून ठेवला होता, शंभर मागितल्या तरी हो म्हणायचं. आजोबांची नजर त्याच्यावर आली, एक क्षण थांबली.

"बकातूचं ऱ्हाऊ दे," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "त्याला अडचन आसंल."

आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. बकातूचं तोंड कानापर्यंत तापलं. त्याला म्हणायचं होतं, नाही हो, मला काही अडचण नाही. पण न मागता द्यायला उभं राहणं हे तिथे परक्याचं काम. मिशनचे पाद्री देतात, सरकारी साहेब देतात. तो मांडीखालची चटई बोटानं उसवत बसून राहिला. सगळ्यांच्या माना खाली होत्या. आयुष्यभर ज्या मागण्यांवर तो कुरकुरला, त्यांतली एक तरी आत्ता कोणीतरी करावी म्हणून तो तळमळत होता.

पुढच्या आठवड्यात तिरिबोनं विहिरीवरून बातमी आणली. तिनं बादली खाली ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं, "आत्याचं पोट सुटलंय. पाच दिवस. पोटात काय ठरत न्हाई."

बकातूनं पुढचं विचारलंच नाही. भरतीला अजून वेळ होता. उथळ पाण्यातून होडी ओढत, ढकलत तो खोल पाण्यापर्यंत गेला आणि शीड सोडलं. वारा बरा होता. तरी वल्हं मारत राहिला, हात भरून आले तरी.

मोते अंगणात उभा होता. बकातूला बघून त्यानं आतून नवी चटई आणली, झटकली आणि सावलीत अंथरली.

"या," तो म्हणाला. "बसा."

"हे काय 'या, बसा'? मला?"

"पावन्याला काय म्हनायचं मग?"

बकातू बसला नाही. मचाणावर आत्या पडली होती. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहील अशी. शेजारी मातकट पाण्याचा पेला. तिनं त्याला ओळखलं, हात उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला गेला नाही.

"दवाखान्यात का न्हाई न्हेलं?"

"गाडीवर घातलं हुतं काल. दहा पावलं न्हेलं तर किंचाळाया लागली. कंबर धरली न्हवं तिची."

"माझी होडी हाय खाली."

मोते वाळूकडे बघत राहिला. होडी समोर होती, वारा होता, आई मरायला टेकली होती, आणि तो मागत नव्हता. मागणार नाहीच हा. मग त्याच्या एकदम ध्यानात आलं की अजून एक वाट आहे, आणि तो गुडघे टेकून त्या नव्या चटईवर बसला.

"मोते, मी मागतो. आत्याला मागतो. आजचा दिवस. दवाखान्यापातुर."

मोतेकडून पाणी मागून झालं, आता आई. पण मागितलं होतं, आणि मागितलेलं नाकारायचं त्याच्या रक्तात नव्हतं.

"घ्या," तो म्हणाला. या वेळी हसला नाही.

दोघांनी तिला चटईसकट उचलून होडीत ठेवलं. ती इतकी हलकी झाली होती की होडी खाली दबलीसुद्धा नाही. मोते उलांडीच्या बाजूला बसला, बकातू मागे सुकाणूला. शीड भरलं. पाणी गुळगुळीत होतं, होडी एकदाही आदळली नाही, आणि आत्यानं डोळे उघडले.

"हां," ती म्हणाली, "अशी. अश्शी न्हे म्हनून तर धाडलं हुतं ह्याला तुझ्याकडं. अर्ध्या दिसाचं काम. म्हनलं, बकातूला सांग, होडीनं दवाखान्यात पोचीव, कमरेला काय तरी लावून देतील."

बकातूच्या हातातलं सुकाणू ढिलं पडलं. "म्हंजे तू होडी मागाया न्हवता आला?"

"आये, बोलू नगंस," मोते म्हणाला. "दम लागतोय तुला."

"इचारत फिरत हुतास म्हनं. कुनाची होडी धड हाय."

"आईला न्यायाची म्हनल्यावर धडच पायजे न्हवं?" मोते समोर बघत म्हणाला. "माझी मी बांधतोय. चार फळ्या वाचल्यात."

दवाखान्याच्या गावाजवळ पाणी उथळ झालं तसा मोते खाली उतरला आणि होडी ढकलू लागला. पाणी त्याच्या मांडीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. गुडघ्यावरची जखम अजून ओली होती. बकातूही उतरला. दोघे दोन बाजूंनी होडी धरून चालत होते, मधे म्हातारी.

"मोते," बकातू म्हणाला. "होडी माग."

"कशाला?"

"तुला बांधायाला दोन वर्सं लागतील. माग. आत्ता माग. मी देतो."

"लागू देत दोन वर्सं."

"मग दुसरं काय तरी माग. जाळी माग. शीड माग. माझ्या आळवाच्या खड्ड्यातलं निम्मं माग." त्याचा आवाज चिरकला. "काय पन माग रं! एकदा माग!"

होडी वाळूला लागली. मोतेनं वाकून आईला पाठीवर घेतलं, तिचे हात आपल्या गळ्याभोवती अडकवले आणि सरळ उभा राहिला. मग बकातूकडे वळून, पाहुण्याचा निरोप घेताना झुकवतात तशी मान झुकवली.

"लई उपकार झालं तुमचं," तो म्हणाला, आणि चढण चढून दवाखान्याकडे चालू लागला. आत्याचं डोकं त्याच्या खांद्यावर डुलत होतं. नर्सबाई दारात आल्या, त्यांनी हात दिला, तिघंही आत गेली.

बकातू होडीपाशी थांबला. आत जावं की नाही ते त्याला कळेना. आत गेला असता तर त्याला चटई अंथरून दिली असती. त्यानं शीड उतरवलं, गुंडाळलं, परत सोडलं. बुडातलं पाणी ओंजळीनं काढलं. काढण्यासारखं उरलं नाही तरी काढत राहिला.

त्या गावचे दोन जण किनाऱ्यानं चालले होते. होडी बघून थांबले. एक जण उकिडवा बसला, सुंभाच्या शिवणीवरून बोट फिरवलं, उलांडीचे सांधे दाबून बघितले.

"काय बांधलीया!" तो म्हणाला. "कुनाची?"

"माझी."

"नात्यातला असतो तर मागूनच घेतली असती बघ."

"माग की," बकातू म्हणाला.

तो माणूस मोठ्यानं हसला. त्याला ती थट्टा वाटली. बकातूच्या खांद्यावर थाप मारून ते दोघं आपल्या वाटेनं निघून गेले.